पश्चिमेच्या खोलीतला उन्हाळा

८ जुलै २०१३, सोमवार

डेक्लनने शेवटी एसीचं नाव काढलंच!

वाचनालयाच्या कमिटीची बैठक संपत आली होती. चहाचे कप गोळा होत होते. तेवढ्यात त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, ज्येष्ठांच्या खोलीत एक एसी बसवायला हवा. छोटासा. अठरा तारखेच्या बैठकीत तसा ठराव आणतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कपातला गार झालेला चहा पिऊन टाकला.

छोटासा म्हणे.

डेक्लन निवृत्त मास्तर. भला माणूस. भल्या माणसाशी भांडणं फार अवघड — त्याच्यावर धड चिडताही येत नाही. गाडीत मात्र मी घरी येईपर्यंत एकटीच बोलत होते. सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस वळून वळून बघत होता.

भाषण करावं लागणार. मुद्दे इथेच मांडून बघते.

लोकांच्या पैशातून बांधलेली इमारत लोकांचीच वीज जाळून गार करायची, यात लोकांचं काय भलं? आयर्लंडमधल्या नास शहरापासून थोड्याशा अंतरावर, नकाशावर शोधावं लागतं अशा आमच्या गावात एक वाचनालय उभं आहे, त्यात गारव्यासाठी एकही यंत्र नाही. जाड भिंती. उघडं काँक्रीटचं छत. भिंतीच्या वरच्या अंगाला झडपा — संध्याकाळी उघडायच्या, रात्रभर थंड हवा त्या काँक्रीटवरून वाहू द्यायची, सकाळी बंद करायच्या. दिवसभर ते छत आपल्या अंगातली उष्णता ओढून घेतं. उरलेली तापलेली हवा छपरावरच्या उंच धुराड्यातून आपली आपण निघून जाते. यात नवीन काय आहे? वाळवंटातल्या माणसांनी हे हजारो वर्षांपूर्वी केलं. आपण विसरलो, कारण भिंतीवर बटण आलं.

२००९ मध्ये आमचं आर्किटेक्टचं ऑफिस मंदीत बंद पडलं, तेव्हा हे नकाशे कपाटात गेले. मी ते बाहेर काढले. चर्चच्या पॅरिश हॉलमध्ये बोलले, हर्लिंग खेळणाऱ्यांच्या क्लबात बोलले, बिंगोच्या मध्यंतरात बोलले. बायका मला ‘ती खिडक्यांवाली’ म्हणायला लागल्या. म्हणेनात! इमारत उभी राहिली ना?

आणि आता एक एसी. एक आला की त्या खोलीच्या खिडक्या कायमच्या बंद. मग शेजारची खोली मागणार. मग कोणीतरी म्हणणार, धुराड्यातून थंडी वाया जाते, बुजवून टाका. सप्टेंबरमध्ये गॉलवेची माणसं ही इमारत पाहायला येणार आहेत, तिकडे अशीच बांधायची म्हणून. त्यांना काय दाखवू? भिंतीवर गुरगुरणारा डबा?

नाही.

९ जुलै, मंगळवार

ऊन पडलं की इथल्या लोकांना काय करू आणि काय नको होतं. पुरुष उघडे फिरतात, खांदे भाजलेल्या वांग्यासारखे. केमिस्टकडचं सनक्रीम संपलं. आणि घराघरात एकच — सगळ्या खिडक्या, सगळी दारं भर दुपारी सताड उघडी! बाहेरची आग आत येऊ द्यायची आणि रात्री चोराच्या भीतीने कडेकोट लावून घ्यायचं. नेमकं उलटं. अमरावतीत लहान पोरसुद्धा दहा वाजता खिडकी ओढून घेतं.

केअरटेकरला मी हे शिकवायला पंधरा दिवस घेतले. आता तो न चुकता करतो. आज सकाळी वाचनकक्षात शिरले तर माठात हात घातल्यासारखा गारवा. उभी राहिले नुसती. असं वाटलं की कुणाला तरी हाताला धरून आणावं आणि म्हणावं, बघ!

११ जुलै, गुरुवार

आज ठरवून ज्येष्ठांच्या खोलीत गेले. विरोधकाच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर आधी माणसांना विचारायला हवं. मी हवेत बोलत नाही.

पश्चिमेच्या टोकाची खोली. आठवड्यातले पाच दिवस गावातली म्हातारी माणसं इथे येतात — जेवण, पत्ते, गप्पा. आमचे अण्णाही मार्चमध्ये अमरावतीहून आल्यापासून इथेच असतात. मी आणि माझा नवरा आशुतोष कामावर, लेक निधी तेव्हा शाळेत. घरी एकटे बसून सासऱ्यांचं काय होणार होतं? इंग्रजी तोडकंमोडकं, पण पत्त्यांना भाषा लागत नाही. इथला ‘पंचवीस’ नावाचा डाव ते आठवड्यात शिकले आणि आता मॉसी नावाच्या ऐंशीच्या शेतकऱ्याला रोज हरवतात. मॉसी त्यांना ‘रॅम’ म्हणतो. रामकृष्ण एवढं मोठं नाव त्याच्याच्याने होत नाही.

एकेकाला विचारलं, उकाड्याचा त्रास होतो का? मॉसी म्हणाला, ग्रँड, म्हणजे एकदम मजेत. त्याच्या शेजारचा म्हणाला, अगदी ग्रँड. नोरा खिडकीजवळ, चाकांच्या खुर्चीत, कार्डिगनची सगळी बटणं लावून बसली होती. तिने माझा हात थोपटला आणि मलाच विचारलं, तू दमलेली दिसतेस, चहा घेतेस का? नोरा, उकडतंय का तुला? मी ग्रँड आहे गं, म्हणाली.

अण्णांना विचारलं तर हसले. “मले काय होते? अमरावतीचा माणूस मी.”

सगळे जण! एकही तक्रार नाही. डेक्लनला हे सगळं कुठून सुचलं मग? ही खोली सांभाळणारी ब्रीड दाराशी उभी होती. तिला म्हटलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, ऐकलं, शुभदा. आणि कपबशा घेऊन आत गेली.

साडेअकराची बस पकडून डब्लिनमधल्या सँट्रीला, ऑफिसात. दुपारभर लोकांच्या फ्लॅटना ऊर्जेचे दाखले देण्याचं काम. बी टू, सी वन अशी प्रतवारी. घरं म्हणजे जणू कोंबडीची अंडी.

१२ जुलै, शुक्रवार

बागेतलं गवत पिवळं पडलं. आयर्लंडमध्ये! निधीने फोटो काढून मैत्रिणींना पाठवला.

१४ जुलै, रविवार

आशुतोषशी वाद.

तो लेक्स्लिपला चिपच्या कारखान्यात आहे. तिथे वर्षभर, रात्रंदिवस, एकाच तापमानाची गाळलेली हवा. मी नेहमी चिडवते, तुमच्या सिलिकॉनच्या चकत्यांचे लाड माणसांपेक्षा जास्त. आज जेवताना तो म्हणाला, चकत्या निदान खरं सांगतात, दोन अंशांनी वर गेलं की लगेच खराब होतात.

मग त्याने विचारलं, त्या खोलीला छत कुठलं आहे?

मला प्रश्न कुठे जातोय ते कळलं. उद्घाटनाच्या दिवशी मी त्या खोलीत बोलले होते. काँक्रीटच्या छताखाली आवाज असा घुमला की माझ्याच अंगावर काटा आला. नंतर नोरा म्हणाली, सुंदर बोललीस, मला एक शब्द कळला नाही. कानात यंत्र घालणाऱ्या कुणालाच कळला नव्हता. सगळा नुसता गजर. महिन्याभराने ब्रीडने मऊ फरशांचं खोटं छत मागितलं आणि मी हो म्हटलं. म्हाताऱ्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायला नको?

“म्हणजे रात्रीचा गारवा त्या फरशांच्या वर राहतो,” आशुतोष म्हणाला. “त्या खोलीत तुझी इमारतच नाही, शुभा. तिथे फक्त पश्चिमेचं ऊन आहे.”

मी सांगितलं, कडेने फट ठेवली आहे, हवा फिरते. त्याने विचारलं, किती? मी म्हटलं, पुरेशी. तो म्हणाला, फरशा काढता येतील का? मी म्हटलं, मग ऐकू कसं येणार? तो म्हणाला, मग? मग काय! एका खोलीसाठी अख्खी इमारत हरू द्यायची? रुग्णालय गार ठेवायला यंत्र लागतं, कबूल. हे वाचनालय आहे. इथे आपण एक गोष्ट सिद्ध करतोय — माणसाला यंत्राची गरज नसते, शहाणपणाची असते. तो म्हणाला, तू दुपारी चारला तिथे बसून पाहिलंस का? मी दुपारी सँट्रीला असते हे त्याला माहीत नाही का? रजा काढ, म्हणाला. कशासाठी? मी प्रत्येकाला विचारलं आहे. तुझे वडील तिथे बसतात रोज, त्यांना विचार!

अण्णा भात कालवत होते. मान वर केली नाही.

वादात आशुतोष नेहमी हरतो आणि मग भांडी घासायला उठतो. आजही उठला. पण त्याचं ते एक वाक्य डोक्यातून जात नाही. तिथे फक्त पश्चिमेचं ऊन आहे.

फट थोडी वाढवून घेता येईल. ऑगस्टमध्ये बघू.

१६ जुलै, मंगळवार

भाषण तयार. स्वयंपाकघरात म्हणून पाहिलं. निधी नाश्त्याचा वाडगा घेऊन निघून गेली. जाताना इंग्रजीत म्हणाली, आई तो आवाज काढतेय पुन्हा. कुठला आवाज? शाळेत असल्यापासून वक्तृत्वाच्या ढाली आणल्या त्या याच आवाजाने.

एक जागा अजून कच्ची वाटत होती. आकडे, इतिहास, सगळं आहे, पण माणूस नाही. माणूस लागतो. म्हणून अण्णांना घेतलं — शेचाळीस अंशांच्या गावाहून आलेला हा म्हातारा रोज त्या खोलीत बसतो आणि त्याला काही त्रास नाही. लोकांना हे पटकन भिडेल.

अण्णांना विचारलं, तुमचं नाव घेतलं तर चालेल ना? ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, “घे न. तुह्या कामाचं असेल तर घे.”

१८ जुलै, गुरुवार

जिंकले.

एक सोडून सगळे माझ्या बाजूने. तो एक अर्थात डेक्लन.

हॉल भरला होता. कमिटीबाहेरची माणसंही आली होती, दाराशी उभी. डेक्लन आधी बोलला. कागद नाही, मुद्दे नाहीत. एवढंच म्हणाला — मला इमारतीतलं काही कळत नाही, शुभदा म्हणते ते खरंच असेल. पण नोरा माझ्या आईची मैत्रीण आहे आणि दुपारी तिचा चेहरा मला बरा दिसत नाही. बसला.

मग मी. कधी कधी पहिल्या वाक्यालाच कळतं की आज लोक आपल्याबरोबर येणार. तसं झालं. मी म्हटलं, डेक्लन नोराबद्दल बोलला, मला त्याबद्दल आदर आहे. पण चेहऱ्यावरून अंदाज कशाला करायचा, मी नोराला विचारलं आहे. मी त्या खोलीतल्या प्रत्येकाला विचारलं आहे. आणि मग अण्णांचं सांगितलं. लोक मागे वळून अण्णांकडे बघायला लागले, हसले, टाळ्या वाजल्या. मॉसीने त्यांच्या पाठीवर थाप मारली. शेवटी म्हटलं, जी इमारत स्वतः श्वास घेते तिच्या नाकावर तुम्ही यंत्र बसवणार आहात का? मॉरीनचे — आमच्या अध्यक्षांचे — डोळे भरून आले होते. मला दिसलं.

डेक्लनने येऊन हात मिळवला. म्हणाला, तुझ्यासारखं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता. तेच लागलं थोडं.

घरी येताना अण्णा गाडीत खिडकीबाहेर बघत होते. दमले असतील.

१९ जुलै, शुक्रवार

रेडिओवर सांगत होते, वर्षातला सगळ्यात तापलेला दिवस. सकाळी वाचनकक्षात लोक गारव्याला म्हणून येऊन बसले होते! गॉलवेहून ईमेल आली — सहा जण येणार, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.

२२ जुलै, सोमवार

डेक्लनने कमिटीचा राजीनामा दिला. नातवंडांना वेळ द्यायचाय, असं कारण. मॉरीन हळहळली.

मी नाही. पुढचं सगळं सोपं होईल.

२३ जुलै, मंगळवार

आज लिहावंसं वाटत नाही. लिहिते.

ऑफिसात संगणक बंद पडले म्हणून दुपारी घरी सोडलं. बसमधून उतरले ती सरळ सुपरमार्केटमध्ये, दह्यासाठी. दूध-दह्याची उघडी थंडगार कपाटं मागच्या भिंतीला आहेत. तिथे तीन प्लास्टिकच्या खुर्च्या. मॉसी, त्याचा तो शेजारचा मित्र, आणि अण्णा. मधे एक उलटा क्रेट, त्यावर पत्ते. अण्णांच्या हातात पाच पानं आणि पाठीमागे लोण्याची रांग.

मला वाटलं दुसरेच कोणी आहेत. खरंच असं वाटलं.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, ते होय, ऊन पडलं तेव्हापासून रोज येतात, जेवण झालं की. मॅनेजरने खुर्च्या काढून दिल्यात. कुणाला त्रास देत नाहीत.

अण्णांनी मला पाहिलं. पत्ते पालथे ठेवले. मॉसी उठून उभा राहिला, टोपी काढली — टोपी! — आणि म्हणाला, आम्हाला सांगायला बरं वाटेना. तू किती खपलीस त्या जागेसाठी.

घरापर्यंत चालत आलो. मी विचारलं, त्या दिवशी मी समोर उभी राहून विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?

“भयंकर उकडते पोरी त्या खोलीत,” अण्णा म्हणाले. “दोन वाजले की भट्टी. तुले कसं सांगू? तू इतकी खुश होती.”

मी म्हटलं, पण तुम्ही अमरावतीचे.

“हाव. अमरावतीत दुपारी मी कूलरसमोर झोपतो. उन्हात कोन बसते?”

मला हसू आलं. मग नाही आलं. मी म्हटलं, सभेत मी तुमचं नाव घेतलं. सगळ्यांसमोर.

“घेतलं न. सुनेले भरल्या सभेत खाली पाहू देऊ का मी?”

कोपऱ्यावर ते थांबले, चष्मा काढला, आणि म्हणाले, “आमचं ठीक आहे. आम्ही उठून जातो. त्या नोराले चालता येत नाही.”

२४ जुलै, बुधवार

रजा काढली. दीड वाजता त्या खोलीत जाऊन नोराच्या शेजारी बसले.

आधी काही नाही. मग ऊन खिडकीत आलं. पायांवर आलं. मग मांडीवर. ब्रीडने पडदा ओढला, तर पडदाच तापला आणि त्याची धग यायला लागली. वरच्या झडपा दिवसा बंद — माझा नियम. खालच्या खिडक्या उघडल्या तर डांबराच्या वासाची हवा. छताकडे पाहिलं. पांढऱ्या, मऊ, सुंदर फरशा. गारवा त्यांच्या वर, एका हातावर. तो खाली येत नाही. माझ्या घशाला कोरड पडली आणि मी उठून पाणी प्यायले. उठले, म्हणजे उठू शकले. उठता येणाऱ्या माणसासाठीच मी हे सगळं आखलं होतं — ज्याला ऊन आलं की खुर्ची सरकवता येते, खिडकी ओढता येते, स्वेटर काढता येतो, सावलीच्या बाजूला जाऊन बसता येतं. सगळ्या पुस्तकांत तो तसाच असतो. दोन पायांचा.

नोराचं कार्डिगन तसंच, बटणांसकट. कानशिलावर घाम. मी म्हटलं, काढू का? ती म्हणाली, नको, आतल्या ब्लाउजला बाह्या नाहीत, पुरुष माणसं असतात. पुरुष माणसं दही-दुधापाशी बसली होती.

मी तिला विचारलं, नोरा, मी आले होते तेव्हा तू खोटं का बोललीस? असं विचारायला नको होतं. पण ती रागावली नाही. पॅरिशच्या पत्रकाने वारा घेत राहिली आणि म्हणाली —

“तू एवढं मनापासून केलंस, बाळा. पाहुण्याच्या हातच्या जेवणाला कोणी नावं ठेवतं का?”

पाहुणी. सात वर्षं झाली. गेल्या वर्षी हात वर करून या देशाची शपथ घेतली. पॅरिशच्या हॉलमध्ये मी ‘आपलं गाव’ म्हणायचे तेव्हा टाळ्या पडायच्या. त्या टाळ्याही पाहुणचाराच्या होत्या की काय? मी विचारायचे आणि ते ‘ग्रँड’ म्हणायचे, आणि मी ते पुरावा म्हणून लिहून घ्यायचे. इथे सहा महिने राहिलेला माणूसही सांगेल की हा शब्द ते पाय मोडला तरी म्हणतात. मला माहीत नव्हतं का? मला सोयीचं होतं.

आणि अण्णा? ते तर घरचे. तेही तेच म्हणाले.

डेक्लनने कोणालाच विचारलं नव्हतं. त्याने नुसतं बघितलं होतं.

२६ जुलै, शुक्रवार

नोरा काल दुपारी खुर्चीतच कलंडली. नासच्या रुग्णालयात नेलं. सलाइन लावलंय. शरीरातलं पाणी कमी झालं, रक्तदाब पडला. ब्रीडचा फोन आला तेव्हा मी सँट्रीत कुणाच्या तरी दिवाणखान्याला बी थ्री देत होते.

संध्याकाळी भेटायला गेले. मला पाहून ओशाळली — नोरा ओशाळली! म्हणाली, तुझ्या खोलीचा काही दोष नाही, मी सकाळी नीट खाल्लं नव्हतं. डेक्लन पलीकडे बसला होता. मी त्याला म्हटलं, तुझं बरोबर होतं. तो म्हणाला, बरोबर असून काय उपयोग. आणि मला बसायला आपली खुर्ची दिली.

तू परत कमिटीवर ये, म्हटलं. तो मान हलवत राहिला. म्हणाला, मी मत देतो, शुभदा, तू लोकांना घेऊन जातेस. मला पुन्हा ते नको.

परत येताना पाऊस लागला. लोक दुकानांच्या दारात उभे राहून हात बाहेर काढत होते. संपला उन्हाळा.

२८ जुलै, रविवार

काही सुचत नाही.

आशुतोष एकदाही ‘मी म्हटलं होतं’ असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं. कागद-पेन्सिल घेऊन बसला माझ्याबरोबर. फरशा काढल्या तर ऐकू येत नाही. बाहेरून उन्हाला आडोसा केला तर दोन-तीन अंश उतरतील, पण खिडकीतून रस्ता दिसणार नाही आणि रस्ता बघायलाच ती माणसं तिथे बसतात. खोली पूर्वेला हलवावी तर तिथे संडास. सगळं करता येईल, पण त्याला एक-दोन वर्षं लागतील. नोरा ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला पुढचा उन्हाळा गार हवा.

तर मग यंत्र. एक. त्या खोलीत.

हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. लिहिल्यावर आभाळ कोसळलं नाही. बाकीची इमारत तशीच श्वास घेते आहे. गॉलवेच्या माणसांना मी तो डबा आधी दाखवीन आणि का लावला ते सांगेन.

मॉरीनला फोन करून खास बैठक मागितली. ती म्हणाली, अर्थातच, पण विषय काय? मी म्हटलं, समोरच बोलते. मला माहीत आहे हे लोक माझं ऐकतात.

१ ऑगस्ट, गुरुवार

ठराव मांडला. नोराचं सांगितलं, अण्णांचं सांगितलं, त्या दुपारचं सांगितलं. आवाज चढवला नाही.

मॉरीनने विचारलं, अनुमोदन कोण देतं? कोणीच हात वर केला नाही. मग एकेक जण मला समजावू लागला, अगदी मायेने. एक यंत्र आलं की दुसरं येतं. खिडक्या कायमच्या बंद होतात. गॉलवेची माणसं काय म्हणतील? आणि ऊन तर गेलं, बाहेर बघ. मॉरीनने माझा हात धरला — तू दमली आहेस, नोराचं मनाला लावून घेऊ नकोस, हे तूच आम्हाला शिकवलंस ना.

फार सुंदर बोलले सगळे. एकही मुद्दा मला खोडता आला नाही.

नोरा सोमवारी त्या खोलीत परत येते आहे.